घोड्याचं इंजेक्शन आणि आपली मुलं

आज घोड्यांबद्दल बोलणार आहे. नोव्हायच्या मराठी घरात घोड्याचा संबंध येतो तो फार तर वरातीत, हे मला ठाऊक आहे. तरी पाच-सहा मिनिटं ऐका. घरात पंचवीस ते चाळीस वर्षांचा मुलगा, जावई किंवा नवरा असेल तर जरूर ऐका.

मी पशुवैद्य. परळला शिकलो, नोकरी खानदेशात झाली, आता लेकीकडे इथे असतो. खानदेशात असल्यामुळे सारंगखेड्याची यात्रा कधी चुकली नाही. तापीच्या काठी, दत्तजयंतीला, घोड्यांचा मोठा बाजार भरतो. घेणारा आधी दात बघतो, मग भोवरे. मानेवरचा देवमण शुभ, अमका भोवरा अशुभ, अशी तासभर चर्चा चालते. पैदाशीसाठी घोडा घेणारा माणूससुद्धा वृषणांना हात लावून बघत नाही आणि वीर्य तपासून मागत नाही. मी हे सांगायला गेलो की लोक हसायचे.

असाच एक मालक एकदा माझ्याकडे आला. घोडा देखणा, पण घोडीकडे बघेना. कुणीतरी सांगितलं म्हणून त्याने परस्पर टेस्टोस्टेरॉनची, म्हणजे पुरुष-हार्मोनची इंजेक्शनं सुरू केली होती. परिणाम झकास दिसला! मान भरली, अंगावर तकाकी आली, घोडा खिंकाळून तबेला डोक्यावर घेऊ लागला, घोडीवरही जाऊ लागला. फक्त घोड्या गाभण राहीनात. तीन आठवड्यांनी प्रत्येक घोडी पुन्हा माजावर. मी हात लावून पाहिलं तर वृषण मऊ पडलेले, आकाराने लहान झालेले.

असं का होतं? तुमच्या घरातलं उदाहरण घ्या. जानेवारीत थर्मोस्टॅटच्या अगदी शेजारी एखादा छोटा विजेचा हीटर लावून ठेवा. थर्मोस्टॅटला वाटतं घर तापलं, तो तळघरातली भट्टी बंद करतो, आणि वरच्या खोल्यांत मुलं कुडकुडतात. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी अशीच रक्तातलं हार्मोन मोजत असते. बाहेरून टोचलेलं हार्मोन रक्तात दिसलं की ती वृषणांना हुकूम पाठवणं थांबवते. शुक्राणू तयार व्हायला वृषणाच्या आत रक्तापेक्षा कितीतरी पट जास्त टेस्टोस्टेरॉन लागतं, आणि ते तिथेच तयार व्हावं लागतं. इंजेक्शनने ती पातळी गाठता येत नाही. म्हणून घोडा बाहेरून पुरा नर दिसतो आणि आतला कारखाना मात्र बंद असतो.

इंजेक्शन थांबवलं म्हणजे दुसऱ्या दिवशी सगळं सुरळीत, असंही नाही. घोड्याचा एक शुक्राणू घडायला सुमारे 57 दिवस लागतात, वर बाहेर पडेपर्यंत आणखी आठवडाभर तरी. त्यात घोडा हा उन्हाचा प्राणी. दिवस लहान झाले की त्याचं शुक्राणूंचं उत्पादन जवळजवळ निम्म्यावर येतं. डिसेंबरात आपल्याकडे मिशिगनला नऊ तासांचा दिवस असतो. त्या दिवसांत घोडा थंड वाटला तर तो आजारी नसतो, ऋतू तसा असतो. निम्मे मालक घाबरून सुई शोधतात ते नेमके याच वेळी. त्या खानदेशी घोड्याचा मात्र पूर्ण हंगाम वाया गेला.

हे खेड्यातल्या अडाणीपणाचं उदाहरण समजू नका. 2008 साली केंटकी डर्बी जिंकलेल्या बिग ब्राऊन या घोड्याला स्टॅनोझोलॉल हे स्टेरॉइड दिलं जात होतं, आणि तेव्हा तिथे ते नियमाबाहेरही नव्हतं. त्या वर्षीच्या ओरडीनंतर एकेका राज्याने बंधनं आणली. आपल्या शेजारी नॉर्थव्हिलला 1944 पासून गाडीला जुंपलेल्या घोड्यांच्या शर्यती व्हायच्या. 2024 च्या सुरुवातीला ते मैदान बंद झालं. तुमच्यापैकी काहींनी मुलांना तिथे नेलंही असेल. शर्यतीच्या घोड्याची कमाई दोन ठिकाणी होते, आधी मैदानावर आणि मग पैदाशीत. स्टेरॉइडने पहिली वाढवायला जावं तर दुसरी धोक्यात येते.

आता माणसांकडे येतो. हायवेवरचे फलक तुम्ही पाहता: थकवा आलाय? टेस्टोस्टेरॉन कमी असेल, आमच्या क्लिनिकला या. जिममधला मित्रही तेच सांगतो. पण माणसाची पिट्युटरी घोड्याच्याच नियमाने चालते. इतकी, की जागतिक आरोग्य संघटनेने दर आठवड्याला 200 मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन टोचून ते पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून तपासलं होतं. 1990 साली निष्कर्ष आले. बहुतेक पुरुषांच्या वीर्यात शुक्राणू उरलेच नव्हते. आपला मुलगा ताकदीसाठी म्हणून तेच औषध घेतो, आणि इकडे सून दर महिन्याला रडते. तपासण्या आधी सुनेच्याच होतात, हे वेगळं सांगायला नको. मला त्याचाच जास्त राग येतो.

तेव्हा मूल हवं असेल तर इंजेक्शन, जेल, गोळी, जे काही चालू आहे ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा. जिममधली पावडरही सांगा. वीर्यतपासणी साधी असते, ती पहिल्याच भेटीत करून घ्या. औषध मनाने एकदम बंद करू नका. बहुतेकांचे शुक्राणू परत येतात, पण त्याला काही महिने लागतात, कुणाला वर्षाहून जास्त. शरीराच्या स्वतःच्या कारखान्याला चालना देणारी औषधंही आहेत. ती प्रजननतज्ज्ञाकडे मिळतील, फलकवाल्याकडे नाही. आणि आईवडिलांनो, मुलाला हे विचारायला लाजू नका.

सुट्टीत आय-75 ने दक्षिणेला उतरलात तर लेक्सिंग्टनच्या केंटकी हॉर्स पार्कमध्ये सिगार या घोड्याची समाधी पाहा. सलग 16 शर्यती जिंकलेला, 1996 चा पहिला दुबई वर्ल्ड कप त्याचाच. कमाई 99,99,815 डॉलर. पैदाशीला ठेवल्यावर 34 घोड्या दाखवल्या, एकही गाभण राहिली नाही. त्याला स्टेरॉइड कारण होतं असं मी म्हणत नाही. तज्ज्ञ आले, तपासण्या झाल्या, शेवटी विम्याचे पैसे मिळाले. मग 1999 पासून 2014 मध्ये मरेपर्यंत तो त्या पार्कातच राहिला. लोक रांगा लावून त्याला बघायला यायचे.