राज्य आपले, मग पाण्याचा हिशेब कोणाचा?
(मानपाडा येथे गिरणी कामगारांपुढे केलेले भाषण)



मानपाडे दोन आहेत. एक ठाण्यात, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी, दुसरा डोंबिवलीत. दोन्हीकडे सकाळचे पहिले भांडण नळावर होते. "पाणी आलं का गं?" याच हाकेने दिवस उजाडतो. पण हे पाणी येते कुठून, हे आपण कधी विचारले? पगारातून दोन रुपये जादा कापले, तर आपण जाब विचारल्याशिवाय गिरणीच्या दारातून हललो नाही. मग पाण्याचाच हिशेब का सोडायचा?

तर हिशेब ऐका. ठाण्याला भातसा नदीचे पाणी येते, डोंबिवलीला उल्हास नदीचे. उन्हाळ्यात उल्हासला आधार देते ते बदलापूरजवळचे बारवी धरण. मुंबईचीही कथा तीच. 1860 साली विहार झाला, 1879 साली तुळशी, 1892 साली तानसा, 1957 साली मोडकसागर. शहर वाढत गेले तसे अप्पर वैतरणा, भातसा, मध्य वैतरणा. लालबाग-परळच्या चाळींत आपण पाणी प्यालो, ते याच डोंगरांचे. आज मुंबईच्या सात तलावांत मिळून जेवढा साठा मावतो, त्यातला जवळजवळ निम्मा एकट्या भातशाचा आहे.

आता वहीचे दुसरे पान उलटा. तानसा आणि भातसा, दोन्ही धरणे शहापूर तालुक्यात. पाऊस तिथे शंभर इंचांच्या घरात. आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर दर उन्हाळ्यात आयाबहिणी रिकामे हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात! धरण उशाला आणि कोरड घशाला, ती हीच!

असे का होते? घरी गेल्यावर एक करून पाहा. कापसाच्या लादीवर तांब्याभर पाणी ओता. ते मुरते आणि थेंबथेंब गळत राहते. तेच पाणी फरशीवर ओता. क्षणात मोरीत जाते. झाडीचा डोंगर म्हणजे कापूस आणि उघडा डोंगर म्हणजे फरशी. सह्याद्रीचा काळा कातळ आधीच पाणी थोडे धरतो. त्यावरचे रान तोडले, माती वाहून गेली, की चार महिन्यांचा पाऊस खाडीला जातो. जाताना माती धरणात टाकतो आणि धरण गाळाने भरते. म्हणून पाणलोट राखणे हे काही शौकीन लोकांचे काम नव्हे. तो आपल्या नळाचाच वरचा भाग आहे. विहार-तुळशीभोवतीचे रान पाण्यासाठी राखले, म्हणूनच येऊरपासून बोरिवलीपर्यंतचे जंगल आज उभे आहे.

सरकारने काहीच केले नाही, असे मी म्हणणार नाही. 1972 च्या दुष्काळात लाखो माणसे रस्त्याच्या आणि बांधाच्या कामावर गेली. त्यातूनच 1977 चा रोजगार हमीचा कायदा झाला आणि त्या हातांनी बांधबंदिस्ती केली, पाझर तलाव खणले. 2014 च्या डिसेंबरात जलयुक्त शिवार आले. डोंगरावर समतल चर, खाली नाल्याला बांध, "माथा ते पायथा" ही पद्धत बरोबर आहे. पण माथा सोडून नुसताच नाला खणला, तर ते काम कागदावरच शोभते.

कायदेही आहेत. 2005 साली जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला. धरणाच्या पाण्याचे ठोक दर ते ठरवते आणि त्याआधी लोकांचे म्हणणे ऐकते. तिथे कारखानदारांचे वकील जातात. आपण जातो का? 2003 च्या जलनीतीत पिण्याच्या पाण्यानंतर कारखाने आणि मग शेती, असा क्रम होता. शेतकरी ओरडला, भांडला, तेव्हा 2011 साली शेती दुसऱ्या जागी आली. म्हणजे क्रम बदलतो, मित्रांनो! मागणारा उभा राहिला तर बदलतो.

कोणी म्हणेल, "शहापूरकरांना पाणी दिले तर आमचे कमी होईल." हा मालकाचा डाव आपण ओळखतो! एका खात्याला दुसऱ्या खात्याविरुद्ध लढवायचे आणि दोघांचा पगार दाबायचा. पाड्यांची तहान शहराच्या मानाने ओंजळभर आहे. आणि डोंगर राखणार कोण? तिथे राहणारा ठाकूर, कातकरी, कुणबीच ना? त्याला तहानेला ठेवून त्याच्याकडून आपले रान राखून घेऊ म्हणणे, हा अन्याय आहे आणि मूर्खपणाही आहे.

म्हणून आपले मागणे तीन ओळींचे. धरणाशेजारच्या गावाला आधी नळ द्या. इगतपुरीच्या भावली धरणातून शहापूरला पाणी देण्याची योजना घरोघर पोचेपर्यंत पाठपुरावा सोडू नका. पाणलोटाच्या कामावर तिथल्याच माणसाला वेळेवर मजुरी द्या. आणि येऊरचा डोंगर असो की उल्हासचा काठ, तो पोखरणाऱ्याला आणि घाण सोडणाऱ्याला, कितीही मोठा असो, कायदा लावा.

1960 साली हे राज्य मिळाले, त्यासाठी गिरणी कामगाराने फ्लोरा फाउंटनवर रक्त सांडले. राज्य आपले म्हणायचे, तर त्याच्या पाण्याचा हिशेबही आपणच ठेवला पाहिजे. उद्या नळ सुटला, की हंडा भरताना एकदा शहापूरच्या त्या बाईची आठवण करा. आणि पाण्याच्या दराची पुढची सुनावणी लागेल, तेव्हा पाच-दहा जण तरी माझ्याबरोबर चला.

जय महाराष्ट्र!