भीतीला शेवटचं पान हवं



भयकथा लिहिणाऱ्या माणसाला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, 'तुमचा भुतांवर विश्वास आहे का?' आणि दुसरा, 'तुम्हाला रात्री झोप लागते का?' माझ्या वाट्याला तिसराही येतो. 'बाईमाणसाला असलं काही लिहावंसं कसं वाटतं हो?' तिन्हींची उत्तरं एकदाच देऊन टाकते. माझा भुतांवर विश्वास नाही. झोप मला छान लागते, इतकी की घरचे म्हणतात, हिला उठवायला प्रत्यक्ष वेताळच यायला हवा. आणि बाईमाणसाचं म्हणाल, तर भीतीचा अनुभव बाईपेक्षा जास्त कुणाच्या गाठीशी असणार? रात्री उशिरा रिकाम्या रस्त्यावर मागून पावलं वाजू लागली, तर ती भुताचीच असू देत, माणसाची नकोत, असं मनातल्या मनात म्हणणाऱ्या कितीतरी जणी मला माहीत आहेत.

तर भुतांवर विश्वास नाही, पण भीतीवर आहे. भीती खरी असते. तिच्यावरच माझा संसार नसला, तरी माझं लिहिणं चालतं. आणि इतकी वर्षं तिच्या सहवासात काढल्यावर मला एक फरक दिसू लागला आहे, गोष्टीतल्या भीतीतला आणि धंद्यातल्या भीतीतला. आज त्याबद्दल बोलायचं आहे.

गोष्टीतली भीती मला पहिल्यांदा भेटली ती वाचनालयात. आमच्या गावच्या वाचनालयात नारायण धारपांची पुस्तकं कपाटात कधी दिसायचीच नाहीत. ती कायम कुणाच्या तरी घरी असायची. नाव नोंदवून वाट बघावी लागे. मग एक दिवस जाड पुठ्ठ्याची बांधणी केलेलं, कोपरे दुमडलेलं पुस्तक हाती पडे आणि मधल्याच एखाद्या पानावर आधीच्या वाचकानं पेन्सिलीनं लिहिलेलं असे, 'रात्री वाचू नये'. ही सूचना आम्ही अर्थातच जाहिरात म्हणून वाचायचो.

धारप १९२५ सालचे, २००८ साली गेले. शंभराहून अधिक पुस्तकं त्यांनी लिहिली. काही कल्पना परदेशी लेखकांच्या असत, पण धारपांच्या हाती आल्या की वाडा आपला होई, माजघर आपलं होई. त्यांच्या 'समर्थ' या नायकाच्या कथांमध्ये अमंगळ शक्ती कितीही माजली, तरी तिला तोंड देणारं कुणीतरी आहे, हा दिलासा असायचा. आम्ही पांघरुणातून डोळे बाहेर काढायचो ते त्या दिलाशाच्या भरवशावर. २०१८ सालच्या राही अनिल बर्वे यांच्या 'तुंबाड' या चित्रपटाचं बीज धारपांच्याच एका कथेत आहे. नाव मात्र श्री. ना. पेंडसे यांच्या कादंबरीवरून सुचलेलं. चित्रपट पाहून बाहेर पडताना आठवण राहते ती राक्षसाची नव्हे, कमरेला सोन्याची नाणी खोचून पुन्हा पुन्हा त्याच वाड्याकडे निघणाऱ्या माणसाची.

रत्नाकर मतकरींनी (१९३८ ते २०२०) तर तो दिलासाही काढून घेतला. त्यांच्या गूढकथेत वाडा नसला तरी चालतं. साधं बिऱ्हाड असतं, नोकरी करणारा नवरा असतो, एखादं लहान मूल असतं, आणि त्या सगळ्यात कुठेतरी बारीकशी फट पडते. मतकरी स्वतः बरीच वर्षं बँकेत नोकरी करत होते. मीही बँकेतलीच. त्यामुळे खातं उघडायला आलेल्या सज्जन चेहऱ्याच्या गृहस्थाकडे बघून 'हा घरी कसा वागत असेल?' असा विचार मनात येण्यामागची मानसिकता मला चांगलीच समजते.

पण गंमत बघा. हेच मतकरी 'अलबत्या गलबत्या' हे बालनाट्य लिहितात. त्यातली चेटकीण एके काळी दिलीप प्रभावळकरांनी रंगवली, २०१८ साली नाटक नव्यानं रंगमंचावर आलं तेव्हा वैभव मांगले यांनी. ही चेटकीण रंगमंचावर आली की अर्धी मुलं आईच्या मांडीवर चढतात आणि उरलेली अर्धी खुर्चीवर उभी राहून ओरडतात. नाटक संपलं की तीच मुलं म्हणतात, 'आई, परत!' भीती वाटली म्हणून तक्रार नाही. कारण भीती चारचौघांत वाटली, आईचा हात हातात होता, आणि पडदा पडणार हे ठाऊक होतं.

चित्रपटांनी मला आणखी एक गोष्ट शिकवली. घाबरण्याचं अर्धं काम प्रेक्षक स्वतःच करत असतो. १९४९ सालचा 'महल' आठवा. हलणारा झोपाळा, अर्धवट उजेड आणि दुरून जवळ येत जाणारा एक आवाज. तो आवाज लता मंगेशकरांचा. पण ध्वनिमुद्रिकेवर गायिका म्हणून नाव छापलं होतं ते चित्रपटातल्या पात्राचं, 'कामिनी'. हिचकॉकच्या १९६० सालच्या 'सायको'तल्या न्हाणीघरातलं रक्त म्हणजे चॉकलेटचं पातळ सरबत होतं. चित्रपट कृष्णधवल, त्यामुळे खपून गेलं. रंग प्रेक्षकांनी आपल्या मनातला भरला. आणि १९७५ सालच्या 'जॉज'मधला यांत्रिक शार्क मासा चित्रीकरणात सारखा बिघडायचा, म्हणून स्पीलबर्गनं तो बराच वेळ दाखवलाच नाही. नुसतं पाणी दाखवलं, आणि लोक पाण्याला घाबरले.

आपल्याकडे रामसे बंधूंनी पुरानी मंदिरं, हवेल्या आणि धुरळा यांची लयलूट केली. आम्ही ते चित्रपट घाबरायला कमी आणि हसायला जास्त जायचो. २००३ साली राम गोपाल वर्मांचा 'भूत' आला आणि हसू थांबलं. त्यात हवेली नव्हती, गाणं नव्हतं. मुंबईतल्या उंच इमारतीतला फ्लॅट होता, लिफ्ट होती, रखवालदार होता. म्हणजे आपलंच घर. तो चित्रपट पाहून आल्यावर आमच्या इमारतीत काही दिवस लोक जिन्यानं चढत होते. डॉक्टरांनी सांगूनही जे झालं नव्हतं, ते भुतानं केलं!

माझ्या कथा अशाच घरातून येतात. एकदा शेजारच्या बंद फ्लॅटमधून रात्री कुकरची शिट्टी ऐकू आली. शेजारी महिनाभरासाठी मुलाकडे बंगळुरूला गेलेले, दाराला कुलूप. शिट्टी मात्र एक, दोन, तीन... खमंग वरणाचा वाससुद्धा. दुसऱ्या दिवशी उलगडा झाला, खालच्या मजल्यावरचा आवाज आणि वास पाइपांच्या डक्टमधून वर येत होता. पण तोवर माझी कथा लिहून झाली होती.

आता थोडं गावाकडच्या भुतांविषयी. माझी आजी कोकणातली. तिच्याकडे भुतांची जातवार यादी तयार असे. मुंजा म्हणजे मुंज झालेला, पण लग्नाआधीच गेलेला मुलगा. समंध म्हणजे निपुत्रिक गेलेला, पुरलेल्या धनाला चिकटून बसलेला. अळवंतीण म्हणजे बाळंतपणात गेलेली बाई. गिऱ्हा पाण्यातला, बुडवणारा. लहानपणी मी ही यादी घाबरत ऐकली. लिहायला लागल्यावर ती पुन्हा तपासली, तेव्हा लक्षात आलं, ही भुतांची यादी नाहीच. ज्यांचं आयुष्य अर्धवट राहिलं आणि ज्यांच्यासाठी कुणाला काही करता आलं नाही, त्यांची ही यादी आहे. समाजाच्या मनाला लागलेली ती रुखरुख आहे.

अळवंतिणीचंच घ्या. बाळंतपणात बाई जाणं ही एके काळी घरोघरची गोष्ट होती. आज सरकारी पाहणीनुसार २०१८ ते २०२० या काळात महाराष्ट्रात दर एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातांचे मृत्यू झाले. ही संख्याही शून्य व्हायलाच हवी, पण अळवंतिणीचा दरारा ओसरला तो मंत्रानं नव्हे. सुईण शिकली, दवाखाना जवळ आला, रक्त मिळू लागलं, म्हणून ओसरला. आणि २०१७ सालचा 'लपाछपी' हा मराठी चित्रपट पाहिलात तर दिसेल की नवी भुतंही अशाच रुखरुखीतून जन्माला येतात. उसाच्या फडात लपलेली ती भीती स्त्रीभ्रूणहत्येची आहे. चांगली भयकथा नेमकं हेच करते. कुठे दुखतंय, तिथे बोट ठेवते.

धंद्यातली भीती उलट करते. ती दुखण्यावरून लक्ष उडवते आणि एखाद्या माणसालाच भूत ठरवते. सातपुड्याच्या भागात एखाद्या एकट्या बाईला 'डाकीण' ठरवून तिचा छळ झाल्याच्या घटना आपण वाचल्या आहेत. अंगात भूत आहे म्हणून आजारी माणसाला बांधून मारल्याच्या बातम्याही वाचल्या आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकर याविरुद्ध कायदा व्हावा म्हणून वर्षानुवर्षं झटले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं आज गुन्हा आहे, सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मला लोक विचारतात, 'तुम्ही भुतांच्या गोष्टी लिहिता, मग त्या कायद्याच्या बाजूनं कशा?' मी म्हणते, म्हणूनच. विस्तवाशी रोज काम करणाऱ्यालाच ठाऊक असतं, तो चुलीत असावा, छपरावर नसावा.

आणि हा धंदा फक्त खेड्यात चालतो असं समजू नका. आमच्याच इमारतीत एक निवृत्त गृहस्थ राहतात, आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. काकू लेकीकडे गेल्या होत्या. दुपारी त्यांच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी माझ्या दारात आल्या. 'ताई, काका आत आहेत, बोलल्याचं ऐकू येतंय, पण दार उघडत नाहीत.' त्यांची जादा किल्ली माझ्याकडे असते. दार उघडलं तर काका अंधाऱ्या खोलीत मोबाइलसमोर ताठ बसलेले. पडद्यावर गणवेशातला एक माणूस. काकांनी मला ओठांवर बोट ठेवून गप्प राहायची खूण केली. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत, तुम्हाला 'डिजिटल अरेस्ट' केलं आहे, कॅमेऱ्यासमोरून उठायचं नाही, कुणाला सांगायचं नाही, असं त्यांना सकाळपासून बजावलं जात होतं. दुसऱ्या दिवशी बँक उघडली की ठेव मोडायचं ठरलं होतं.

मी पुढे झाले आणि फोन बंद केला. काकांचे हात कितीतरी वेळ थरथरत होते. चहा झाला, मग १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार केली. 'डिजिटल अरेस्ट' नावाचा प्रकार कायद्यात कुठेच नाही, हे पंतप्रधानांनीही २७ ऑक्टोबर २०२४ रोजी 'मन की बात'मध्ये सांगितलं होतं. काकांनी ते ऐकलंही होतं. पण भीतीच्या क्षणी ऐकलेलं आठवत नाही.

त्या रात्री मात्र मला खरंच झोप लागली नाही. कारण त्या चोरट्यांची सगळी हत्यारं माझ्या ओळखीची होती. माणसाला एकटं पाडायचं. खोलीत अंधार करायचा. घड्याळाची टिकटिक ऐकवायची. समोर खरा चेहरा आणायचा नाही, गणवेश आणायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, 'कुणाला सांगू नकोस' असं बजावायचं. मांत्रिकही हेच सांगतो. मी वीस वर्षं हेच तर लिहिते आहे! फरक इतकाच की माझ्या वाचकाला मी कोण आहे हे ठाऊक असतं. तो पैसे देऊन, आपल्या मर्जीनं पुस्तक उघडतो. नको वाटलं तर मिटतो. आणि शेवटचं पान आलं की मी त्याला मोकळा करते. धंद्यातल्या भीतीला शेवटचं पान नसतं. एकदा पैसे दिले की पुन्हा मागणी येते.

म्हणून भीती वाटली की मी स्वतःला तीन प्रश्न विचारते. ही भीती माझ्या मर्जीनं आली आहे का? हिला शेवट आहे का? आणि ही मी चारचौघांत सांगू शकते का? तिन्हींचं उत्तर 'हो' असेल, तर खुशाल घाबरावं, मजा असते. तिसऱ्याचं उत्तर 'नाही' आलं, तर उठावं, दिवा लावावा आणि शेजारच्या दाराची बेल वाजवावी.

पुष्कळ आई-वडील मला विचारतात, मुलांना भुताच्या गोष्टी सांगाव्यात का? जरूर सांगाव्यात. फक्त गोष्ट संपल्यावर लगेच दिवा मालवून निघून जाऊ नये. दोन मिनिटं बसावं आणि विचारावं, 'तुला नेमकी कशाची भीती वाटली?' मूल आधी भुताबद्दल बोलेल. थोडा धीर धरलात, तर शाळेतल्या एखाद्या दांडग्या मुलाबद्दल बोलेल, आई-बाबांच्या भांडणाबद्दल बोलेल, कदाचित नकोशा स्पर्शाबद्दलही बोलेल. ते ऐकून घ्या, मध्ये 'त्यात काय घाबरायचं?' असं म्हणू नका. ज्या घरात भीती मोठ्यानं बोलून दाखवता येते, तिथे मांत्रिकाचं काही चालत नाही आणि फोनवरच्या गणवेशाचंही.



(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)