अजमास आणि ताळेबंद



गावचा सुतार दाराच्या कामाचा आकडा सांगतो, काम पुरे होते, आणि पैसे देताघेताना दोघांचीही तोंडे उतरतात. पुन्हा ते घर त्याला बोलावीत नाही. लबाडी कुणीच केलेली नसते. आधीचा आकडा कुठे लिहिलेला नसतो, एवढेच.

पुण्यातल्या पेशवे दफ्तरात आधी धरलेल्या जमाखर्चाचा ‘अजमास’ आणि प्रत्यक्ष हिशेबाचा ‘ताळेबंद’ असे निरनिराळे कागद आहेत. आपण अजमास हा शब्द तोंडी ठेवला, कागद मात्र सोडून दिला!

पण दोन आकडे शेजारी मांडून भागत नाही. तफावत का पडली तेही लिहावे लागते. पुणे विद्यापीठाची गणेशखिंडीतली मुख्य इमारत घ्या. गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत, १८६४ साली, काम निघाले. पुरे व्हायला १८७१ साल उजाडले. खर्च अंदाजाबाहेर गेला आणि त्याचा बोभाटा विलायतेच्या पार्लमेंटापर्यंत पोचला. काम निघाले तेव्हा अमेरिकेतल्या यादवीमुळे आपल्या कापसाला सोन्याचे मोल आले होते. मजुरी आणि माल, दोन्ही कडाडले होते. ही झाली बाहेरची तफावत. घरची निराळी असते.

माझेच सांगतो. एका प्रकाशकाचे भाषांतर घेतले. तीस दिवस धरले, रोजचे ४०० रुपये, म्हणून १२,००० सांगितले. लागले एकेचाळीस दिवस! रोज पडला २९३ रुपयांच्या आतच. सुदैवाने वहीत रोजची नोंद होती. भाषांतराला अठ्ठावीसच दिवस लागले होते, म्हणजे तो अंदाज बरोबर. पाच दिवस मुद्रिते तपासण्यात गेले. ते मी धरलेच नव्हते, ती चूक माझी. उरलेले आठ दिवस मागाहून वाढवलेल्या प्रकरणाचे. त्यांचे ३,२०० रुपये मागायला हवे होते. संकोचाने मागितले नाहीत.

शिक्षकबंधूंनो, भगिनींनो, गावातल्या गवंड्याची, शिंपिणीची अशी एखादी वही, नावगाव झाकून, वर्गात आणा. पुस्तकातल्या नफातोट्यापेक्षा मुले त्यात अधिक रमतील.

पुढच्या कामाला मी मुद्रितांचे दिवस धरून १४,००० सांगितले, आणि वाढीव मजकुराचा दर चिठ्ठीवर लिहून दिला. बिल झाले १४,८००. प्रकाशकाने चिठ्ठी पाहिली, आणि काही न बोलता पैसे मोजले.