नळाचं पाणी : फेसाचा प्रश्न आणि जिवाचा प्रश्न

(पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरातील महिला गटांच्या बैठकीत केलेलं भाषण)

पाण्याचा विषय निघाला की उपनगरात दोन तक्रारी ठरलेल्या असतात. एक, पाणी येत नाही. दुसरी, येतं ते जड असतं. पहिल्या तक्रारीसाठी मोर्चे निघतात, हंडे वाजतात. मुंबईच्या गोरेगावात मृणालताई गोरे पाण्यासाठी इतक्या लढल्या की लोक त्यांना ‘पाणीवाली बाई’च म्हणू लागले. दुसऱ्या तक्रारीसाठी मात्र मोर्चा निघत नाही. ती आपण घरातल्या घरात निस्तरतो. जास्त साबण, जास्त गॅस, घासायला जास्त वेळ आणि पैसे असतील तर भिंतीवर एक मशीन. आज मला या दुसऱ्या तक्रारीबद्दल बोलायचं आहे आणि तिच्या आड लपून राहणाऱ्या तिसऱ्या गोष्टीबद्दलही.

पाणी जड म्हणजे काय? पावसाचं पाणी जमिनीत मुरतं, खडकातून झिरपतं आणि वाटेत कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार विरघळवून घेतं. आपल्याकडे काळा पाषाण. त्यात शे-दोनशे फूट खाली गेलेल्या बोअरचं पाणी बहुधा जडच लागतं. धरणाचं पाणी त्या मानाने हलकं. शाळेच्या पुस्तकात जड पाण्याला ‘दुष्फेन’ म्हणतात, कारण साबण या क्षारांशी जोडला जाऊन त्याचा चिकट साका होतो आणि फेस येईपर्यंत वडी झिजते. याच क्षारांमुळे डाळ शिजायला वेळ लागतो, बादलीला पांढरा थर चढतो आणि गीझरची कॉइल जाते.

हे सगळं आधी कोणाला कळतं? जी डाळ शिजवते, कपडे धुते, मोरी घासते, तिला. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला तर चार घरच्या पाण्यातला फरक हातांच्या भेगांवरून सांगता येतो. पण हे ज्ञान म्हणून कोणी मोजत नाही, आणि त्यातले जादा श्रमही कोणी मोजत नाही. सोसायटीच्या सभेत टँकरचं बिल वाचून दाखवतात. जादा लागलेला साबण, गॅस आणि तास यांचं बिल कुठल्याच सभेत येत नाही.

आता जरा वेगळं बोलते. पाणी जड असणं त्रासाचं आहे, खर्चाचं आहे. पण ते विष नव्हे. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आय.एस. १०५००, सांगतं की एकूण कठीणपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालेल. जागतिक आरोग्य संघटनेने तर कठीणपणासाठी आरोग्याच्या कारणाने मर्यादा घातलेलीच नाही. तेच मानक ई-कोलाय जंतूंबाबत काय म्हणतं? १०० मिलिलिटर पाण्यात एकही सापडता कामा नये. इथे ‘दुसरा स्रोत नसेल तर’ अशी सवलत नाही. हा फरक नीट लक्षात घ्या. क्षार दिसतात, म्हणून आपण त्यांना भितो. जंतू दिसत नाहीत.

मशीन विकणारे याच भीतीवर धंदा करतात. पेनासारखं टीडीएस मीटर ग्लासात बुडवतात. आकडा ४०० आला की चेहरा गंभीर करतात. बायांनो, ते मीटर फक्त विरघळलेले क्षार मोजतं. मानकात टीडीएसची पहिली मर्यादाच ५०० आहे. आणि गटाराच्या जंतूंनी भरलेल्या पाण्याचा आकडासुद्धा १५० येऊ शकतो. दुसरी युक्ती वीज लावलेल्या सळयांची. ग्लासातलं पाणी तपकिरी होतं, आपण घाबरतो. तो रंग सळईच्या लोखंडाचा असतो; पाण्यातून वीज गेल्यामुळे लोखंड झिजतं, एवढंच. आरओ मशीन क्षार काढतं हे खरं, पण एका लिटरमागे दोन-तीन लिटर पाणी मोरीत सोडतं. पाण्यासाठी भांडणाऱ्या वस्तीत हा हिशेब कोणाच्या माथी?

घरगुती उपायांचंही असंच. पाणी उकळल्याने जंतू मरतात, काही क्षार पातेल्याच्या तळाशी बसतात, पण सगळे जात नाहीत. नायट्रेट तर उकळून जात नाही, उलट आटल्यामुळे वाढतं. तुरटीने गढूळपणा खाली बसतो. तेवढ्याने पाणी निर्जंतुक होत नाही.

मी हे का सांगते आहे? आपल्याच भागात काय झालं ते आठवा. जानेवारी २०२५ मध्ये नांदेड, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात गिलेन बारे सिंड्रोमचे रुग्ण एकामागून एक निघाले. हातापायांतली शक्ती जाते, काहींना व्हेंटिलेटर लागतो. साथीत दोनशेहून जास्त संशयित रुग्ण नोंदले गेले, काहींचे जीव गेले. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडले. बोट गेलं पाण्याकडे. नांदेडच्या विहिरीतून आसपासच्या वस्तीला जाणारं पाणी शुद्धीकरण केंद्रातून येत नव्हतं; त्यात फक्त क्लोरीन घातलं जात होतं. खडकवासला धरण इथून हाकेच्या अंतरावर. त्याचं शुद्ध केलेलं पाणी शहराला, आणि धरणाच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना विहीर, बोअर, टँकर. साथीनंतर खाजगी आरओ केंद्रांची तपासणी झाली, तेव्हा त्यांतल्याही काहींचं पाणी दूषित निघालं. म्हणजे ज्या बायांनी ‘नळाचं नको, विकतचं आणू’ म्हणून पैसे मोजले, त्यांनाही खात्री मिळाली नाही.

पुण्याच्या हद्दीत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं घेतली गेली. कर लागू झाला, पण शुद्ध पाण्याची व्यवस्था मागे राहिली. आणखी एक गोष्ट पाहा. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच बायांना पाणी तपासायचं शिक्षण आणि संच देण्याची तरतूद केली गेली. पण ती योजना ग्रामीण भागाची. गाव शहरात गेलं की बाईच्या हातातला तो संचही जातो. मग पाण्याबद्दल तिला विचारणारं कोणीच उरत नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, ज्याच्या खिशाला परवडेल त्याने मशीन बसवावं, बाकीच्यांनी नशिबावर सोडावं, हे आपलं उत्तर असू शकत नाही. पाणीपुरवठा हे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ खाली महापालिकेचं बंधनकारक कर्तव्य आहे. ते उपकार नव्हेत. आपण काय करू शकतो?

पहिलं, क्लोरीन तपासायला शिका. ओटी चाचणी सोपी आहे. नमुन्यात थेंब टाकले की क्लोरीन असल्यास पाणी पिवळं होतं. हे पाणी प्यायचं नाही, ओतून द्यायचं. मानकानुसार लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवं. तपासणी टाकीजवळच्या घरात नको, लाइनीच्या शेवटच्या नळावर करा. पाणी बंद असताना रिकाम्या पाइपात फुटक्या जोडातून गटाराचं पाणी आत ओढलं जातं, म्हणून पाणी सुटल्या सुटल्या पहिली धार पिण्यासाठी भरू नका.

दुसरं, जंतूंसाठी एच-टू-एसची बाटली मिळते. पाणी भरून एक-दोन दिवस ठेवली आणि काळी पडली, तर ते पाणी दूषित समजा. तोवर उकळूनच प्या आणि लेखी तक्रार करा.

तिसरं, टँकर आला की पाणी कुठून भरलं ते लिहून मागा. गाडी नंबर आणि तारीख वहीत नोंदवा. सोसायटीची टाकी कधी धुतली, हेही त्याच वहीत.

चौथं, माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आपल्या भागातले नमुने कुठल्या नळावरून घेतले, निकाल काय आले, एवढंच विचारा. आणि मागणी करा की हे निकाल दर महिन्याला क्षेत्रीय कार्यालयाच्या फलकावर मराठीत लागावेत, आणि नमुना घेताना वस्तीतल्या दोन बाया हजर असाव्यात.

या कामात सोसायटीतली बाई आणि तिच्याकडे कामाला येणारी बाई एकत्र हव्यात. एकीकडे आरओ आहे, दुसरीकडे नाही. पण दोघींच्या वस्त्यांत येणारी लाइन बहुतेक वेळा एकच असते. एकीच्या घरापुरतं शुद्ध पाणी ही पळवाट झाली. शेवटच्या नळाला शुद्ध पाणी ही मागणी झाली. बैठक संपल्यावर वस्तीवार नावं लिहून घेऊ आणि येत्या आठवड्यात प्रत्येक लाइनीच्या शेवटच्या नळापासून सुरुवात करू.