पाणी आधी गेले तर
(मंडळाच्या वर्धापनदिनी मुलुंड येथे केलेले भाषण)



आरोग्यावर चार शब्द बोलावे अशी मंडळाच्या चिटणीसबाईंनी मला आज्ञा केली, तेव्हा विषय शोधायला मला दूर जावे लागले नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपल्यातल्याच एका भगिनीने मला बाजूला घेऊन विचारले होते, "बाई, आमच्या सूनबाईने घरीच बाळंत व्हायचे ठरवले आहे. आतापर्यंत सगळे नीट आहे. पण पाणी आधी गेले आणि कळा आल्याच नाहीत, तर आम्ही काय करायचे?" प्रश्न इतका नेमका होता की हातात वाणाची पिशवी घेऊन उभ्या उभ्या त्याचे उत्तर देणे मला प्रशस्त वाटले नाही. त्यांच्या संमतीने तोच प्रश्न आज सर्वांपुढे घेते. विषय संकोचाचा आहे खरा, पण आपल्यापैकी बहुतेकजणी त्यातून गेलेल्या आहेत, तेव्हा संकोच बाजूला ठेवू या. माझी सारी नोकरी बाळंतपणाच्या खोलीत गेली, त्यामुळे मी थोडे उघड बोलले तर राग मानू नये.

आपल्या आज्या घरीच बाळंत झाल्या. १९९२-९३ साली देशभर जी कुटुंब आरोग्य पाहणी झाली, तिच्यात रुग्णालयात झालेली बाळंतपणे शेकडा सव्वीसच भरली होती. २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रात हेच प्रमाण शेकडा चौऱ्याण्णवच्या वर गेले. म्हणजे घरचे बाळंतपण आपण विसरत आलो असताना आता काही शिकल्यासवरल्या मुली ते आपण होऊन मागू लागल्या आहेत. त्यांना मी हसत नाही. त्याच पाहणीत देशातल्या खाजगी रुग्णालयांतली शेकडा सत्तेचाळीस बाळंतपणे पोट उघडून झाल्याचे दिसते, सरकारी रुग्णालयांत शेकडा चौदा. हे वाचलेल्या मुलीला धास्ती वाटली तर ती पोरकट कशी म्हणावी? पण घरच्या बाळंतपणाची दुसरी बाजूही आपल्या जवळच घडलेली आहे. आनंदीबाई जोशी आपल्या शेजारच्या कल्याणच्या. चौदाव्या वर्षी त्या बाळंत झाल्या आणि उपचाराअभावी ते मूल दहा दिवसांतच गेले. तेथूनच त्यांची डॉक्टरीची जिद्द सुरू झाली. १८८६ साली अमेरिकेत पदवी घेताना त्यांनी प्रबंध लिहिला, तोही हिंदूंमधील प्रसूतिशास्त्रावर. असो.

आता पाण्याकडे वळू. गर्भ ज्या पिशवीत असतो तिला आपण पाणमोट म्हणतो. दिवस भरताना तिच्यात साधारण पाऊण लिटर पाणी असते. चरकसंहितेने बाळंतपणाचा क्रम सांगितला आहे तो असा, की आधी आवी म्हणजे कळा आणि मग गर्भोदक. बहुतेक बायकांचा हाच क्रम असतो. मात्र दिवस पुरे भरलेल्या शंभरांतल्या सुमारे आठजणींची पाणमोट कळांच्या आधीच फुटते. त्या आठांतल्या पाचजणींना तरी चोवीस तासांच्या आत आपोआप कळा सुरू होतात. म्हणून पाणी गेले की घरात रडारड नको आणि "कळा नाहीत ना, मग निजा" हेही नको.

पाणी गेले हे ओळखायचे कसे? चित्रपटात दाखवतात तसा लोंढा दरवेळी येतोच असे नाही. पुष्कळदा नुसता ओलावा राहतो आणि नवव्या महिन्यात लघवी थेंबथेंब गळतेच, तेव्हा घोटाळा होतो. लघवी आवळून थोडी तरी थांबवता येते, हे पाणी थांबत नाही. लघवीला लघवीचा वास असतो, ह्याला तो नसतो. स्वच्छ सुती घडी घेऊन अर्धा तास आडवे पडावे आणि मग उठावे; पाणी असेल तर उठताच पुन्हा येते. तरी शंका राहिली तर पाणीच आहे असे धरून चालावे आणि दाखवून यावे. डॉक्टर साधनाने पाहून सांगतात. रंग पांढुरका किंवा किंचित गुलाबी असेल, त्यात पांढरे कण असतील, तर भिण्याचे कारण नाही.

पहिले काम घड्याळ पाहण्याचे. किती वाजता गेले ते कागदावर लिहावे, "रात्रीच कधीतरी" हे उत्तर डॉक्टरांच्या उपयोगाचे नसते. मग घडीचा रंग पाहावा, वास पाहावा. बाळ नेहमीसारखे हलते आहे ना हे लक्ष देऊन पाहावे. जागेपणी दर चार तासांनी ताप मोजावा. अंगावर पाणी घेऊन स्नान करायला हरकत नाही. पतिपत्नीसंबंध मात्र नको. आणि कळा याव्यात म्हणून चहातून एरंडेल देण्याची जी हौस काही घरांत आहे ती कृपा करून आवरावी. एरंडेलाने जुलाब खात्रीने होतात, कळांची खात्री नाही, आणि जिची खरी परीक्षा पुढे आहे तिची शक्ती आधीच जाते. "पाणी संपले, आता बाळ कोरडे पडणार" असेही म्हणतात. त्यात तथ्य थोडे आहे. बाळ आत लघवी करीतच असते आणि पाणी बनत राहते. भीती कोरडेपणाची नाही, जंतूंची आहे.

पाणमोट शाबूत असते तोवर ती बाळाला बंद दारासारखी असते. ती फुटली की खालचे जंतू वर चढायला वाट मिळते, आणि त्यांना वर नेणारे सर्वांत सोपे वाहन म्हणजे आपली बोटे. १८४७ साली व्हिएन्नाच्या रुग्णालयात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने पाहिले की सुईणींच्या विभागापेक्षा विद्यार्थी-डॉक्टरांच्या विभागात बाळंतरोगाने मरणाऱ्या बायका कितीतरी जास्त आहेत. हे विद्यार्थी शवविच्छेदन करून तसेच बाळंतिणींना तपासायला येत. त्याने त्यांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि मृत्यू झपाट्याने उतरले. पुढे १९९६ साली सहा देशांतल्या ७२ रुग्णालयांतील ५०४१ स्त्रियांची मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. त्या सगळ्या आपल्या विषयातल्याच, म्हणजे दिवस भरलेल्या, पाणी गेलेले आणि कळा नसलेल्या. जितक्या वेळा आतून बोटांनी तपासणी झाली तितका संसर्ग वाढला, असे त्या पाहणीत दिसले. म्हणून "किती उघडले ते बघते" असे कोणी म्हणाले, मग ती अनुभवी सुईण असो वा पदवीधर बाई असो, कळा लागेपर्यंत नम्रपणे नाही म्हणावे. हातमोजे घातले म्हणून हा धोका जात नाही.

त्याच पाहणीतल्या आणखी दोन गोष्टी आपल्या सूनबाईंसाठी महत्त्वाच्या आहेत. काहीजणींना लगेच औषध देऊन कळा आणल्या आणि काहींना वाट पाहू दिली, तर पोट उघडण्याचे प्रमाण दोन्हींकडे सारखेच, शेकडा दहाच्या आसपास राहिले. तेव्हा "कळांचे औषध दिले की ऑपरेशन ठरलेलेच" ही समजूत खरी नाही. दुसरी गोष्ट २००० साली पुढे आली. वाट पाहणाऱ्यांत ज्या घरी थांबल्या, त्यांच्या बाळांना रुग्णालयात थांबलेल्यांपेक्षा संसर्ग अधिक झाला. हे ऐकायला गोड नाही, पण सांगितलेच पाहिजे. एरवी धोका किती, तर पाणमोट शाबूत असता दोनशे बाळांत एकाला गंभीर संसर्ग होतो, आधी फुटली तर दोनशेंत दोघांना. आकडा लहान आहे, आणि ज्या घरात ते दुसरे बाळ असेल त्या घराला तो लहान वाटत नाही.

ह्या परदेशच्या गोष्टी झाल्या. आपल्या महाराष्ट्रात घरच्या बाळंतपणांची जी बारीक नोंद झाली ती गडचिरोलीत. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५-९६ साली ३९ गावांतल्या ७७२ बायकांची बाळंतपणे घरोघर जाऊन पाहिली. बहुतेक बाळंतपणे झोपडीत, सुईणीच्या हातून झालेली. त्यांत पाणी जाऊन फार वेळ लोटल्याचा त्रास शेकडा ५.७ जणींना, म्हणजे चव्वेचाळीस बायकांना झाला. कळा लांबण्याच्या खालोखाल हीच अडचण होती. आणि सर्व मिळून शंभरातल्या पंधराजणींना तातडीच्या प्रसूती-उपचाराची गरज होती. त्या बायकांना दुसरा मार्ग नव्हता. आपल्या सूनबाईंना तो आहे, आणि घरी बाळंत व्हायचे तर ह्या मार्गाची आखणी आधी करावी, खोलीतले दिवे आणि उशा मागाहून, असे माझे स्पष्ट मत आहे.

काही खुणा अशा आहेत की तेथे तास मोजत बसायचेच नाही. सदतीस आठवडे पुरे झालेले नाहीत. घडीवर हिरवा किंवा तपकिरी रंग आला, म्हणजे बाळाने पोटात शी केली. ताजे रक्त दिसले. वास घाण आला. ताप किंवा हुडहुडी भरली. बाळाची हालचाल मंदावली. बाळ पायाळू आहे किंवा आडवे आहे. पूर्वीचे बाळंतपण पोट उघडून झालेले आहे. यांतले एक असले तरी लगेच निघावे. सदतीस आठवड्यांच्या आतल्या बाळाची फुप्फुसे कच्ची असू शकतात. वेळेवर पोहोचले तर आईला इंजेक्शन देऊन त्यांना बळ देता येते. एक प्रसंग फार क्वचित येतो, पण तो प्रत्येकीला माहीत असावा. बाळाचे डोके खाली बसलेले नसले तर पाण्याच्या लोंढ्याबरोबर नाळच बाहेर येते. नाळ दबली की बाळाचा प्राणवायू बंद. अशा वेळी नाळेला हात लावायचा नाही, ती आत ढकलायची नाही. बाईने गुडघे टेकून छाती जमिनीला लावावी, कंबर उंच ठेवावी, आणि दुसऱ्याने १०८ वर फोन करावा. गाडीत तिला डाव्या कुशीवर, कमरेखाली उशा देऊन निजवावे. चालत जिना उतरवू नये.

जिना म्हटला की आपली उपनगरे आठवतात. विलायतेत ठरवून घरी बाळंत होणाऱ्या बाईकडे सरकारी शिक्षित मिडवाइफ येते आणि पाणी जाऊन चोवीस तास झाले की तिला रुग्णालयात नेतात. त्यांचे चोवीस तास आपण तसेच्या तसे उचलले तर फसू. आपल्याकडे लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावत नाही. मुलुंडहून घाटकोपरला राजावाडीत जायचे तर शास्त्री मार्गावर संध्याकाळी काय होते ते तुम्ही जाणता. पावसाळ्यात अंधेरीचा भुयारी रस्ता तुंबतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या रात्री ज्यांना रस्त्याची गरज होती त्यांना रस्ताच नव्हता. म्हणून आपण चोवीसांतून वाट उणे करावी, रात्र उणे करावी, आणि पावसाचे दिवस असतील तर आणखी उणे करावे.

त्या भगिनीच्या प्रश्नाला माझे उत्तर मग असे आहे. पाणी गेले आणि कळा नाहीत, तर सर्व खुणा चांगल्या असल्या तरी दोनतीन तासांत रुग्णालयात जाऊन बाळाचे ठोके व आईचा ताप तपासून घ्यावा. तेथे राहायला सांगितले तर राहावे. माझा कल त्याच बाजूला आहे. तपासून सर्व ठीक निघाले, डॉक्टरांनी परतायला मोकळीक दिली, शिक्षित प्रसाविका घरात हजर आहे आणि गाडी दारात आहे, एवढे सगळे जमत असेल तर एक रात्र वाट पाहणाऱ्या मुलीला मी अडवणार नाही. पण अठरा तासांच्या पुढे नाही, कारण त्यानंतर बहुतेक ठिकाणी आईला प्रतिजैविक औषध सुरू करतात, आणि ते शिरेतून द्यायचे काम घरच्या पलंगावरचे नव्हे. यासाठी आठव्या महिन्यातच त्या रुग्णालयात नाव घालावे, तेथल्या डॉक्टरांना बेत उघड सांगावा, आणि पाणी आधी गेले तर ते किती वेळ थांबतात, पोट केव्हा उघडतात, हे सूनबाईने स्वतः विचारून घ्यावे. ऐन वेळी परकी म्हणून दारात उभे राहणे आणि ओळखीची म्हणून जाणे यांत फार फरक पडतो. सासूबाईंनी ह्या जाण्याला हार म्हणू नये, एवढी माझी त्यांना विनंती.

बाळ झाल्यावरही पहारा उठत नाही. पाणी जाऊन बराच वेळ झाला असेल तर पहिले बारा तास बाळाकडे विशेष पाहावे. ते अंगावर ओढते का, अंग तापले की गार पडले, श्वास धापेसारखा चालतो का, कण्हते का, हातपाय ढिले पडलेत का. गडचिरोलीच्या त्याच गावांत थोडे शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून ह्या खुणा शिकवल्या, औषध व इंजेक्शन द्यायला शिकवले, आणि तेथले नवजात बालकांचे मृत्यू शेकडा ६२ ने घटले. हा निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाला. खुणा ओळखायला डोळे आणि माहिती पुरते. उपचार मात्र आपण शहरात आहोत तर बालरोगतज्ज्ञांकडेच व्हावा. "पहिल्या दिवशी बाळ झोपाळूच असते" म्हणून दूध न ओढणारे बाळ उजाडेपर्यंत ठेवू नये.

चिटणीसबाई घड्याळ दाखवीत आहेत. कोणाला खाजगीत काही विचारायचे असेल तर अल्पोपाहाराच्या वेळी मी मागच्या खोलीत बसते, तेथे निःसंकोच यावे.