विटाळ आणि सुई

दोस्तहो, आधी घामाचं बोलू. ज्या घामाला या व्यवस्थेनं हजारो वर्षं विटाळ म्हटलं, त्यातून एचआयव्ही पसरत नाही, ब आणि क कावीळही पसरत नाही. अश्रूंतूनही नाही. धोका आहे तो रक्तात, वीर्यात, योनीस्रावात, मणक्यातल्या, छाती-पोटात साचलेल्या पाण्यात, गर्भजलात. आणि ज्यात उघड रक्त दिसतं त्या कशातही. (टीबीच्या थुंकीचं गणित निराळं, ते आज नको.) मी लॅबमध्ये काम करतो. हे सगळं रोज माझ्या टेबलावर येतं.

१९८७ साली अमेरिकेच्या सीडीसीनं सांगितलं, प्रत्येक रोग्याचं रक्त लागणीचं आहे असंच धरून चाला. सेठ असो, हमाल असो. म्हणजे कुणाच्या खाटेवर पाटी लावून त्याला वाळीत टाकायचं कारणच उरत नाही. तरी पाट्या लागतातच. आपल्याला पाट्या नव्या नाहीत.

आता सुई. लागण झालेल्या रोग्याची सुई टोचली तर एचआयव्हीचा धोका हजारात ३. ब कावीळचा, लस घेतलेली नसेल तर, शंभरात ६ ते ३०! वाळलेल्या रक्तातही हा विषाणू निदान ७ दिवस टिकतो. म्हणून वापरलेल्या सुईला परत टोपण घालू नका. टोचलीच तर बोट पिळू नका, तोंडात घालू नका. साबण-पाण्यानं धुवा आणि धावा. एचआयव्ही रोखणारी औषधं जमलं तर २ तासांत, उशिरात उशिरा ७२ तासांत सुरू व्हावी लागतात. २८ दिवस घ्यायची.

पण टोचते कुणाला? वर कुणीतरी वापरून पिशवीत फेकतो, खाली पिशवी उचलणाऱ्या हाताला टोचते. तो हात कुठल्या वस्तीतला, हे मी सांगायला नको. २०१६ च्या जैव-वैद्यकीय कचरा नियमांत स्पष्ट आहे, सुई पांढऱ्या, आरपार न भोसकणाऱ्या डब्यात. आणि हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला ब कावीळ नि धनुर्वाताची लस. प्रत्येकाला! एका दवाखान्यात मी सफाईवाल्या मावशींना विचारलं, लस मिळाली का? म्हणाल्या, "आमचं नाव ठेकेदाराच्या वहीत हाय बाबा, दवाखान्याच्या न्हाई."

क कावीळला तर लसच नाही. ब ला आहे, ३ डोस. पहिला, मग महिन्यानं, मग सहा महिन्यांनी. तेव्हा आजपासून वस्तीत फिरा. दवाखान्यात, लॅबमध्ये, कचऱ्याच्या गाडीवर कोण कोण जातं, कुणाला किती डोस मिळाले, कुणाला सुई टोचून गेली, ठेकेदार कोण, वहीत लिहून काढा. पुढच्या रविवारी वह्या घेऊन इथंच बसू.