तारुण्यपीटिका आणि घरगुती उपचार

तारुण्यपीटिकांना सुश्रुतानें सांवरीच्या कांट्यांची उपमा दिली असून त्यांची गणना क्षुद्ररोगांत केली आहे. आरशापुढें उभ्या राहिलेल्या सतरा वर्षांच्या मुलीला मात्र हा रोग क्षुद्र वाटत नाहीं. सणावारीं जमलेल्या मावश्या, आत्या एकेक तोडगा सांगून जातात, आणि खरी हानि होते ती येथेंच.

वयांत येतांना त्वचेंतील तैलग्रंथी अधिक स्रवूं लागतात. रोमरंध्राचें तोंड मृत पेशींनीं बुजतें, आंत जंतु वाढतात व सूज येते. हें सारें आंत घडत असल्यामुळें चेहरा घासून कांहीं साधत नाहीं. लिंबाच्या रसानें कातडी भाजते. नखानें पुटकुळी फोडली तर सूज खोल जाऊन जन्माचा व्रण राहतो. सौम्य साबणानें दिवसांतून दोनदां तोंड धुवावें, एवढी स्वच्छता पुरे. बेंझॉईल पेरॉक्साईडचें अडीच टक्क्यांचें मलम रात्रीं पातळ लावावें; गुण दिसण्यास सहा ते आठ आठवडे लागतात. (उशीच्या अभ्र्याचा रंग मात्र त्यानें उडतो!)

सर्वांत घातक तें शेजारणीनें दिलेलें गोरें करणारें मलम. त्यांत पुष्कळदां स्टेरॉईड असतें. चार दिवस चेहरा नितळ दिसतो. पुढें कातडी पातळ होते आणि मलम सोडतांच पुटकुळ्या दुपटीनें उठतात. २०१८ सालीं केंद्र सरकारनें अशीं कांहीं मलमें डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून विकण्यास मनाई केली, तरी घरोघरीं तीं हातोहात फिरतात. गांठी खोल व दुखऱ्या असल्या, तर तोडगे थांबवून त्वचारोगतज्ज्ञाकडे जावें, आणि तेंहि व्रण पडण्यापूर्वीं.